वेणूबाईच्या तळपायाची काळी गाठ

माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. हे वाक्य मी एकदा भाचीच्या लग्नात, ऐन पंगतीत बोलून गेले आणि शेजारच्या बाईंचा घास हातातच राहिला. तेव्हापासून कोणी विचारलं तर ‘जळगावात माझी लॅब आहे’ एवढंच सांगते. समोरचा म्हणतो, ‘म्हणजे रक्त-लघवी का?’ मी ‘हो’ म्हणून मोकळी होते. आता जिलबीच्या ताटावर कोण समजावत बसणार!

पण या अंकाच्या संपादकांनी पिच्छाच पुरवला, तर सांगते. सर्जन गाठ किंवा गाठीचा तुकडा काढतो आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून माझ्याकडे पाठवतो. फॉर्मॅलिन म्हणजे नाकाला झोंबणारं, डोळ्यांत टचकन पाणी आणणारं औषधी पाणी. त्यात मांस सडत नाही. आमचे शरदभाऊ, म्हणजे माझे टेक्निशियन, तो तुकडा मेणात बसवून त्याची वडी करतात. वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, ते काचेवर घेतात, निळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. ती काच मी मायक्रोस्कोपखाली पाहते आणि गाठीला नाव देते. गल्लीत नावं ठेवणाऱ्या बायका पुष्कळ असतात, मला त्याचे पैसे मिळतात.

त्या नावावर मग सर्जनची सुरी चालते. मी ‘साधी’ लिहिलं तर माणूस टाके घालून घरी जातो. मी ‘कॅन्सर’ लिहिलं तर जबडा, स्तन, पाय, जे असेल ते जातं. ज्याचं जातं त्यानं मला कधी पाहिलेलं नसतं आणि मीही त्याला पाहिलेलं नसतं. पुष्कळांना हे काम गार खोलीतलं, निवांत वाटतं. वाटू दे बापडं.

आमच्याकडे बाटली बहुतेक वेळा नातेवाइकाच्या हाती, एसटीनं येते. यातून काय काय घडतं ते सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. मुक्ताईनगरकडचे एक नाना बायकोच्या मानेतली गाठ घेऊन आले होते. बाटली उघडली तर वासच नाही. विचारलं तेव्हा कळलं, की वासानं अख्खी बस खोकायला लागली, कंडक्टर त्यांना वाटेत उतरवायला निघाला, म्हणून नानांनी ते ‘घाण पाणी’ भुसावळच्या स्टँडवर ओतून दिलं आणि बाटलीत विकतचं सीलबंद पाणी भरलं. ऐन मे महिन्यात. वर मलाच समजावून सांगितलं, की पाणी अगदी शुद्ध आहे, पिण्याचं आहे. मी त्यांना असं झापलं, की शरदभाऊ दार लावून घ्यायला उठले. नाना मात्र शांतपणे ऐकत होते. त्यांचंही काय चुकलं होतं म्हणा, कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

ते असो. या सगळ्या हयातीत माझा सर्वांत जास्त घाम काढला तो घामाच्याच ग्रंथींनी, आणि तीच गोष्ट सांगायची आहे.

आपल्या कातडीत घामाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात आणि तिथून वर येणाऱ्या नळ्या असतात. तळहाताला, तळपायाला तर खच्चून भरलेल्या. कधीकधी या नळीच्याच पेशी वाढतात आणि गाठ होते. ही गाठ बहुधा गरीब असते. काढली की संपलं. पण आपल्या सावळ्या लोकांत क्वचित अशा गाठीत कातडीचा काळा रंग साठतो. मग ती गरीब गाठ दिसायला थेट मेलॅनोमासारखी दिसते. मेलॅनोमा म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, अतिशय दुष्ट. आणि आपल्याकडे तो नेमका तळपायाला, अंगठ्याच्या नखाखाली व्हायला बघतो. म्हणजे एकाच जागेवर एकाच रंगाच्या दोन गाठी, एक घरी पाठवणारी आणि दुसरी जीव घेणारी. त्यातली कुठली, हे मी सांगायचं.

वेणूबाई पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली. घरची थोडी कोरडवाहू जमीन, आणि हंगामात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायचं. पन्नाशीची असेल. तिला धुळ्याच्या एका सर्जननं तपासलं, गाठीचा छोटा तुकडा काढला आणि बाटली देऊन माझ्याकडे धाडलं. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून बाटली घेऊन ती स्वतःच आली. सोबत तिची थोरली जाऊ, तिला सगळे अक्का म्हणत. एका पायावर भार देत, भिंतीला धरून वेणूबाई आत आली आणि बाटली माझ्या टेबलावर ठेवली. ‘मनी शे. संभाळून आणी, सांडी नही,’ असं अहिराणीत म्हणाली, म्हणजे माझीच आहे, सांभाळून आणली.

तो सर्जन म्हणजे अनिल, माझा कॉलेजातला वर्गमित्र. हुशार, हाताला चपळ आणि कमालीचा घाईचा. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं होतं, की तळपायाला काळी गाठ आहे, पंधरवड्यात झपाट्यानं वाढली, वर जखम झाली, रक्त येतं आणि जांघेतही गाठ लागते. खाली ‘मेलॅनोमा’ लिहून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ते प्रश्नचिन्ह त्यानं रीत म्हणून टाकलं होतं, हे मला अक्षरावरूनच कळलं.

काच तयार झाली. मी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. सगळीकडे काळा-तपकिरी रंग भरलेला. वरच्या बाजूला जखम, पू, मेलेलं मांस. पेशी म्हणून जे काही होतं ते त्या रंगाखाली झाकलेलं. असं चित्र पुस्तकात कुठल्या पानावर असतं ते मला चांगलं माहीत होतं.

पण काही जुळत नव्हतं. रंगाच्या फटीतून ज्या पेशी दिसत होत्या त्या लहान होत्या, सगळ्या सारख्या आकाराच्या, शहाण्यासारख्या एकमेकींना धरून बसलेल्या. मेलॅनोमाच्या पेशी अशा शहाण्या नसतात. त्या दांडगट, वेड्यावाकड्या, एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या. मी अनिलला फोन लावला आणि सांगितलं, की तुकडा फार लहान आहे, मला नाव देता येत नाही.

तो चिडला. त्याचं म्हणणं, की गाठ काळी आहे, वाढली आहे, फुटली आहे, जांघेत उतरली आहे. आता आणखी काय हवं? पुढच्या आठवड्यात पायाचा पुढचा अर्धा भाग काढायचा, जांघेतल्या गाठी साफ करायच्या, असं त्यानं घरच्यांना सांगूनही टाकलं होतं. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, ‘ही माणसं एकदा घरी गेली की परत येत नाहीत. मागच्या वर्षी एकाला थांबवलं. तो आला तेव्हा छातीत पसरला होता.’

तो खोटं बोलत नव्हता. आणि घाई त्याची असली तरी भीती खरी होती. हा मेलॅनोमा असेल आणि मी ‘साधी गाठ’ लिहिलं, तर वेणूबाई थोड्याच दिवसांत जाणार, आणि तिला मी मारलेलं असणार. ही साधी गाठ असेल आणि मी मेलॅनोमा लिहिलं, तर उभ्यानं कापूस वेचून जगणाऱ्या बाईचा अर्धा पाय विनाकारण जाणार. मधला रस्ता नव्हता.

पहिलं काम, तो काळा रंग बाजूला करायचा. त्याला आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट, त्याच्या पाण्यात कापाची काच ठेवायची, मग दुसऱ्या एका आम्लात बुडवून धुवायची. कातडीचा रंग निघून जातो आणि पेशी उघड्या पडतात. जास्त वेळ ठेवलं तर काप काचेवरून सुटून वाहून जातो आणि हातात काहीच राहत नाही. तुकडा एवढासा, वडीत काप मोजकेच निघणार होते. शरदभाऊंनी पहिली काच घातली आणि तिचा काप सुटलाच. सिंकमध्ये गेला. माझं तोंड पाहून त्यांनी दुसरी काच घड्याळाकडे बघत, जवळ उभं राहून केली.

दुसऱ्या काचेवरचा काळोख सरला होता. आता दिसलं, की कातडीच्या खालच्या थरापासून पेशींचे रुंद पट्टे खाली उतरले आहेत, एकसारखे, नीटनेटके. आणि एका कोपऱ्यात, पट्ट्याच्या आत, एक बारीक गोल भोक, त्याला गुलाबी अस्तर. घामाची नळी. दुसरं भोक शोधलं, सापडलं. तिसऱ्याबद्दल खात्री वाटेना.

आनंदानं उडी मारावी अशी वेळ होती, पण मी खुर्चीतच बसून राहिले. तळपाय म्हणजे घामाच्या नळ्यांचं घरच. ही भोकं त्या गाठीचीच कशावरून? कॅन्सर पसरताना वाटेतली चांगली नळी वेढून घेतो, तसं झालं असेल तर? दोन भोकांवर बाईचा जीव टांगायचा का? नाही. मी मेणाची वडी मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवली. तिथं पेशींना खास रंग देऊन त्यांची जात ओळखतात. एक रंग रंगपेशींना लागतो, दुसरा घामाच्या नळीला. अनिलला सांगितलं, तोवर हात लावायचा नाही. तो हो म्हणाला, पण नाराजीनं.

वेणूबाई आणि अक्का जळगावात एका नातेवाइकाकडे उतरल्या होत्या. ‘रिपोर्ट झाया का?’ विचारायला दोघी रोज येत आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. मी सहसा रोग्याला भेटत नाही. पण एके दिवशी मला राहवेना. मी त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, पाय दाखव.

गाठ बोराएवढी. काळी, वरून फुटलेली, कडेची कातडी सोलवटलेली. ती सोलवट मला खटकली. गाठीच्या भोवती बोटभर अंतरापर्यंत कातडी भाजल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, यावर काय लावलं होतं? वेणूबाई म्हणाली, काही नाही. अनिलनंही विचारलं होतं, त्यालाही तिनं हेच सांगितलं होतं. मी पुन्हा विचारलं. तिनं पाय मागे घेतला. आणि मग माझं लक्ष अक्काच्या हाताकडे गेलं. अक्कानं अंगठा आणि पहिलं बोट पदरात दडवलं होतं. मी हात पुढे करायला लावला. दोन्ही बोटांच्या पेरांवर काळे डाग आणि वाळलेले फोड होते.

खानदेशात वाढलेल्या माणसाला हे डाग सांगावे लागत नाहीत. बिब्बा. पायाला कुरूप झालं की बिब्बा दिव्यावर तापवायचा, सुईनं टोचायचा आणि त्याचं तेल त्यावर सोडायचं. याला चटका देणं म्हणतात. धुळ्याला आमच्या घरीही हे चालायचं आणि मीही लहानपणी ओरडले आहे. वेणूबाईच्या पायाला कित्येक वर्षं एक काळा दाणा होता. लेकीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हाही होता, असं ती म्हणाली. कपाशीत चालताना टोचायचा. सगळ्यांना वाटलं कुरूप आहे. अक्कानं चटका दिला. बरं वाटेना म्हणून पुन्हा दिला. मग पाय सुजला, गाठ फुगली, फुटली, आणि जांघेत अवधाण आलं. पायाला जखम झाली की जांघेत गाठ सुजते ते अवधाण. आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. पण तालुक्याचा एक डॉक्टर आधी कधीतरी बिब्ब्यावरून अक्काला चारचौघांत टाकून बोलला होता, म्हणून दोघींनी ठरवून ही गोष्ट लपवली होती.

सांगता सांगता अक्का रडायला लागली. धुळ्याला ‘कॅन्सर’ शब्द ऐकल्यापासून तिला वाटत होतं, की आपल्या चटक्यानंच तो झाला. ‘तिना पाय मीच खादा, बाई,’ असं म्हणाली. वेणूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मला त्या क्षणी अक्काचा राग यायला हवा होता, आला नाही. फार वाईट वाटलं. बिब्ब्यानं कॅन्सर होत नाही, एवढं मी तिला सांगितलं. शहरातला रिपोर्ट अजून यायचा होता.

अनिलला लगेच फोन केला. झपाट्यानं वाढ, जखम, जांघेतली गाठ, तिन्हीचं कारण बिब्बा असू शकतं, असं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘बिब्ब्यानं जखम होते, मान्य. पण तुझ्या काचेतला काळा रंग बिब्ब्याचा आहे का?’ नव्हता. तो पेशींच्या आतला, अंगचा रंग होता. बिब्बा बिचारा कातडीच्या वरच राहतो. अनिलनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. तरी त्यानं सूज उतरायची औषधं सुरू केली, हे त्याचं चांगलं.

मग शहरातल्या लॅबमधून फोन आला. रंगपेशींची तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे बोट मेलॅनोमाकडे. हाच निरोप त्यांनी अनिललाही दिला होता. पाचच मिनिटांत त्याचा फोन. आवाजात ‘मी म्हणत होतो ना’ नव्हतं, हे कबूल करते. उलट त्याचा आवाज थकलेला होता. त्यानं ऑपरेशनचा दिवस पक्का केला. वेणूबाई त्याच दिवशी धुळ्याला जाऊन भरती झाली.

मी शहरातल्या लॅबला फोन करून भांडले. तुमचा कागद नको, तुमच्या काचा द्या, त्याही आजच्या आज कुरिअरनं. तिथला तरुण डॉक्टर वैतागला, पण त्यानं पाठवल्या. असं भांडायला माझ्याकडे कारण होतं. या खास तपासणीचा रंग तपकिरी असतो. आणि कातडीचा स्वतःचा रंगही तपकिरी. तपकिरीवर तपकिरी. कुठला कोणाचा हे घाईत पाहिलं तर कळत नाही. आणि रंग लागला म्हटल्यावर, नेमका कोणाला लागला, हे विचारायचं राहून जातं.

काचा आल्या त्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच. कुरिअरवाल्याच्या हातून मी पाकीट जवळजवळ हिसकावलं. पहिली काच, रंगपेशींची. तपकिरी रंग लागला होता, यात शंका नाही. पण कोणाला? पट्ट्यांमधल्या मूळ पेशींना नाही. त्या शेकड्यांनी कोऱ्या उभ्या होत्या. रंग लागला होता तो त्यांच्यामधून विखुरलेल्या थोड्या पेशींना, लांब फांद्या फुटलेल्या, कोळ्यासारख्या. त्या साध्या रंगपेशी. पाहुण्या. गाठीत शिरून त्यांनी शेजारच्या पेशींना रंग वाटला होता आणि म्हणून सगळी गाठ काळी दिसत होती. पिठात चार तीळ पडले म्हणून ती तिळाची भाकरी होत नाही. दुसरी काच, घामाच्या नळीची. इथे मात्र पट्ट्यांच्या आत, अगदी खोलपर्यंत, तपकिरी कड्याच कड्या. वरच्या रंगात लपलेल्या कितीतरी नळ्या. वाटेत वेढलेल्या नव्हत्या, त्या गाठीच्याच होत्या.

मी अनिलला फोन लावला. बंद. ऑपरेशन थिएटरमध्ये तो फोन नेत नाही. हॉस्पिटलच्या बाईनं सांगितलं, साहेब एका पोटाच्या केसमध्ये आहेत, त्यानंतर पायाची केस आहे. मी म्हटलं, पायाची केस थांबवा. ती म्हणाली, साहेबांशी बोला. मी म्हटलं, साहेबांना द्या. ती म्हणाली, साहेब आत आहेत. या गोल गोल फिरण्यात शहाणं माणूसही वेडं होईल. मी काचा डब्यात घातल्या, डबा मांडीवर घेतला आणि गाडीवाल्याला म्हटलं, धुळ्याला चल.

एरंडोल, पारोळा, पुढे धुळं. जन्मभर केलेला रस्ता. त्या दिवशी तो संपेना. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं, कापसाच्या गाड्या अडकलेल्या, कोणाला कसलीच घाई नव्हती. मी हॉस्पिटलला फोन करत होते आणि दर वेळी तीच बाई उचलत होती. खरं सांगू? मला तेव्हा वेणूबाईची जेवढी काळजी होती तेवढीच स्वतःची भीती होती. एवढ्या हिरिरीनं निघाले आहे, आणि मीच चुकत असले तर? पुस्तकात अशा गाठी कमी, आणि हयातीत मी पाहिलेल्या त्याहून कमी. डब्याचं झाकण मी चार वेळा उघडून पाहिलं, जणू काचा आतल्या आत बदलणार होत्या.

पोहोचले तेव्हा वेणूबाई थिएटरच्या दाराबाहेर स्ट्रेचरवर होती. हिरवा झगा घातलेला, बांगड्या काढून अक्काच्या हातात दिलेल्या. पाय मांडीपासून खाली औषध लावून पिवळा केलेला. तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. अनिलनं काचा पाहीपर्यंत तिला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

अनिल बाहेर आला, टोपी-मास्क तसाच. मी म्हटलं, पाच मिनिटं मायक्रोस्कोपला डोळा लाव, मग काय कापायचं ते काप. तो माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या छोट्या लॅबमध्ये आला. तिथला मायक्रोस्कोप रक्त तपासायचा, भिंग धुरकट. मी पदरानं पुसलं. काच लावली आणि त्याला दाखवत गेले, या बघ कोऱ्या, या बघ फांद्यांच्या, या बघ कड्या. तो बराच वेळ पाहत राहिला. काच स्वतःच्या हातानं सरकवली, परत मागे आणली. मग डोळा न काढता विचारलं, ‘आणि तू चुकत असलीस तर?’

‘तर ती मरेल,’ मी म्हटलं. ‘आणि ते मी केलेलं असेल, तू नाही.’

तो म्हणाला, लिहून दे. मी तिथंच, रक्ताच्या बाटल्यांच्या शेजारी उभ्यानं लिहिलं. घामाच्या नळीची साधी गाठ, रंग साठलेली; पोरोमा म्हणतात तिला. फक्त गाठ, भोवतीची थोडी चांगली कातडी घेऊन, पूर्ण काढावी. पाय काढू नये. खाली सही केली. अक्षर माझं मलाच ओळखू येत नव्हतं. अनिलनं कागद घेतला, खिशात घातला आणि आत गेला.

पुढचा तास मी अक्काच्या शेजारी बाकावर बसून काढला. ती बांगड्या पदराच्या टोकात बांधत होती आणि सोडत होती. तिला मी सगळं सांगितलं. तिला किती कळलं माहीत नाही. ‘मग पाय राही का?’ एवढं तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि लगेच भीती वाटली, की हे आपण फार लवकर बोललो.

पाय राहिला. अख्खी गाठ बाटलीत घालून मीच मांडीवर घेऊन जळगावला परत आले; ती बाटली एसटीनं पाठवायची माझी छाती नव्हती. शरदभाऊंनी तिचा कणन् कण मेणात बसवला. कुठेही काही राहू नये म्हणून मी सगळ्या काचा पुन्हा पुन्हा पाहिल्या. दांडगट पेशी कुठे नव्हत्या. तळापर्यंत तेच पट्टे, त्याच नळ्या, गाठीची कड स्वच्छ, सगळीकडून सुटलेली. औषधांनी अवधाणही बसलं. टाके काढायच्या दिवशी मी मुद्दाम धुळ्याला गेले आणि वेणूबाईला सांगितलं, की ही घामाची गाठ होती. तिला ते काही पटेना. ‘घामनी बी गाठ व्हस का?’ असं म्हणून ती अक्काकडे पाहून हसली. अक्का हसली नाही. अक्काच्या मनातलं चटक्याचं ओझं पुरतं गेलं नसावं, आणि ते घालवायला माझ्याकडे कुठला रंग नव्हता याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे त्या गावात कोणाच्या पायावर बिब्ब्याचा चटका बसला नाही, असं अनिल सांगतो. त्याच्या सांगण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

लोकांना वाटतं, इथं गोष्ट संपली. माझी नाही संपली. सर्जनचं बरं असतं, टाके काढले की त्याचं काम झालं. माझं नाव कागदावर तसंच असतं. शहरातला कागद मी खोटा ठरवला होता. एवढ्या काचा पाहिल्या, पण न पाहिलेल्या एखाद्या कापात काही असेल तर? मेलॅनोमा वर्षांनी उलटतो. मी गेली कित्येक वर्षं घरातल्यांशी हसते-बोलते, आणि मध्येच, भाजी निवडताना वगैरे, वेणूबाईच्या काचा डोळ्यांपुढे येतात. मी त्या अजून टाकलेल्या नाहीत. मधूनमधून काढून पुन्हा पाहते. दर वेळी तेच दिसतं आणि दर वेळी पाहावंसं वाटतं.

मी वेणूबाईला सांगून ठेवलं होतं, की दर वर्षी एकदा मला पाय दाखवायचा. ती इमानानं येते. कापसाची वेचणी उरकली की पहिल्या गाडीनं जळगाव. येताना भरताची वांगी आणते, नको म्हटलं तरी टेबलावर ठेवते. चप्पल काढते आणि पाय माझ्या समोरच्या स्टुलावर ठेवते. मी भिंग घेते, खाली वाकते, वण तपासते, बोटांच्या मध्ये बघते, जांघ चाचपते.

यंदाही आली. केस पांढरे झाले आहेत, पण चालते दणादण, वण पांढरा, मऊ, कातडीशी एकजीव झालेला. जांघेत काही नाही. मी भिंग खाली ठेवलं, श्वास सोडला आणि हात पुसायला लागले. हात घामानं भिजले होते. वेणूबाई माझ्याकडे बघत होती. तिनं चप्पल घातली, उभी राहिली, पिशवी उचलली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, ‘बाई, तुम्ही दरसाल इतला कसाले घाबरतस? पाय तं मना शे.’